जाळीखालचं दोन इंच पाणी

शुक्रवारी रात्री मुंबईहून निघालेली गाडी द्रुतगती मार्ग सोडून लोणावळ्यात उतरते. तुंगार्लीत नाहीतर वळवणच्या बाजूला एखाद्या बंगल्याचं कुलूप निघतं आणि दार उघडताच आतून गटाराचा भपकारा येतो. पहिला संशय उंदरावर, मेला असेल कुठेतरी. दुसरा सेप्टिक टँकवर, आणि त्याच्या पाठोपाठ केअरटेकरवर. खिडक्या उघडतात, रूम फ्रेशनर फवारला जातो, प्रवासानं आंबलेलं कुणीतरी आंघोळीला जातं आणि थोड्या वेळानं वास विरतो. श्रेय मिळतं फ्रेशनरला. काम केलेलं असतं आंघोळीच्या पाण्यानं. जमिनीतल्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप आठवडे न् आठवडे कोरडा पडलेला होता, तो आता पुन्हा भरला.

नहाणी ट्रॅप ही घरातली बहुधा सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू असेल. हार्डवेअरच्या दुकानात त्याला सरसकट ‘नानी ट्रॅप’ म्हणतात आणि बिलावरही तसंच लिहितात. उभट डबा, त्याच्या बुडाला वळण, आणि कुशीतून बाहेर निघणारी नळी, एवढाच त्याचा जीव. पाणी जाळीतून खाली पडतं, वळणातून पुन्हा वर चढतं आणि मग आडव्या पाइपात जातं. वाहणं थांबलं की वळणात थोडं पाणी अडकून राहतं. त्यालाच सील म्हणायचं. या सिलाच्या अलीकडे आपलं घर, पलीकडे सगळ्या इमारतीची घाण वाहून नेणारा पाइप, त्यातला वायू आणि झुरळं. मधे दुसरा दरवाजा नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या (२०१६) नवव्या भागात प्लंबिंग येतं. तिथे या पाण्याची खोली किमान ५० मिलिमीटर धरलेली आहे. म्हणजे दोन इंच.

ही कल्पना अडीचशे वर्षांची. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ साली शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्यात भांड्याखालची नळी त्यानं वळवून ठेवली, म्हणजे पाणी तिथे थांबेल. आजपर्यंत त्यात मूलभूत असा फरक झालेला नाही, फक्त बिडाच्या जागी पीव्हीसी आलं. आपल्याकडे जुन्या घरांना याची गरजच नव्हती. मोरी बाहेरच्या भिंतीला लागून असायची आणि भिंतीतल्या भोकातून पाणी थेट परसात किंवा उघड्या गटारात पडायचं. वास बाहेरचा बाहेर राही. त्या भोकातून पावसाळ्यात कधी विंचू तर कधी साप आत यायचा, हा भाग वेगळा. संडास आणि मोरी घराच्या पोटात आली, मजल्यांवर मजले चढले, आणि सगळ्यांचं सांडपाणी एका उभ्या पाइपात उतरायला लागलं तेव्हा हे वळण अपरिहार्य झालं.

तेव्हाचा नहाणी ट्रॅप बिडाचा, जड, आणि त्याचं काम एकच: बादलीनं अंग धुतलेलं पाणी घ्यायचं. आज त्याच्याकडे काय काय येतं पाहा. बेसिनचं पाणी, शॉवरचं पाणी, वॉशिंग मशिनची नळी, ड्राय बाल्कनीत असेल तर भांडी धुण्याच्या मशिनचीही. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी, एसीचं ठिबकणारं पाणी, कुठे गिझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हची बारीक नळी. या सगळ्यांना स्वतंत्र पाइप द्यायला जागा नसते, म्हणून बाजारात आला मल्टी फ्लोअर ट्रॅप. डबा तोच, पण अंगाला तीन-चार कोनाडे असलेला. वर जाळी आणि बाजूंनी तोंडं. लागतील ती करवतीनं मोकळी करायची, नको ती तशीच बंद ठेवायची. बाकी सगळ्यांचं पाणी एकाच सिलावर पडून एकाच पाइपानं जातं.

हा ट्रॅप बसवताना एकदा बघावं. न्हाणीघराची स्लॅब बाकी घरापेक्षा खाली टाकलेली असते. तिला साइटवर सनकन म्हणतात. मिस्त्री त्या खड्ड्यात उकिडवा बसतो, आधी उभ्या पाइपाच्या बाजूच्या भिंतीवर खूण करतो आणि तिथून उलटा ट्रॅपपर्यंत येतो. ढाळ फुटाला पाव इंच. कमी दिला तर साबणाचा गाळ पाइपात बसतो. मग तो ट्रॅप नुसता ठेवून बघतो, त्यात मगभर पाणी ओततो आणि लेव्हल लावतो, कारण डबा जरासा जरी कलला तरी एका बाजूनं सील उथळ होतं. चांगला मिस्त्री इथे वेळ काढतो. तोंडं पुसून, सोल्युशन लावून, पाइप पाव वळण फिरवत आत दाबून काही क्षण धरून ठेवतो. वरच्या तोंडाला कापडाचा बोळा किंवा प्लॅस्टिकची टोपी ठोकतो, नाहीतर गवंड्याचं सिमेंट आणि टाइलचे तुकडे सगळे आत. मग ब्रिकबॅटचा कोबा, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून एक-दोन दिवस गळती बघणं, आणि वर टाइल. त्यानंतर ट्रॅप दिसतो तो फक्त जाळीपुरता.

इथेच माझी तक्रार आहे. घर घेणारा माणूस जाळी निवडतो. चौकोनी की गोल, स्टीलची की पितळी, की हल्लीची टाइल बसवून लपवलेली. जाळीखाली काय आहे हे बिल्डरचा प्लंबिंग कंत्राटदार ठरवतो, आणि तो त्या घरात राहणार नसतो. सनकनची खोली कमी झाली की सिमेंट, भराव आणि स्लॅबवरचा भार सगळंच वाचतं. पण कमी खोलीत पूर्ण उंचीचा ट्रॅप मावत नाही. मग बुटका येतो, आणि बुटक्यात दोन इंचांच्या जागी जेमतेम इंचभर पाणी उरतं. हे नकाशावर दिसत नाही, नमुना फ्लॅटमध्ये तर नाहीच नाही.

याहून वाईट प्रकार वाटीच्या ट्रॅपचा. त्यात वळण नसतं. जाळीखाली एक उपडी वाटी अडकवलेली असते आणि तिची कड पाण्यात बुडालेली राहते. सील म्हणजे ती वाटीच. केस आणि साबण अडकून पाणी तुंबायला लागलं की कामवाली बाई, किंवा घरातलंच कुणी, ती वाटी काढून ठेवतं. पाणी एकदम झक्क जातं. काम फत्ते, असं सगळ्यांना वाटतं, आणि त्या दिवसापासून न्हाणीघर थेट गटाराला जोडलेलं असतं.

आता मशिनकडे येऊ. सेमी-ऑटोमॅटिक मशिनची नळी जमिनीवर पडून असते आणि पाणी उताराने जातं. तिच्यासाठी मधे गोल भोक असलेली जाळी मिळते. फ्रंट लोड आणि बऱ्याच टॉप लोड मशिनांत पंप असतो. नळी वर उचलून धरलेली, आणि पंप सुरू झाला की पाणी जोरात, एका दमात सुटतं. बादलीचं पाणी सावकाश यायचं, हे तसं नाही. बारीक पाइपात पाण्याचा असा भरगच्च लोंढा उतरला की त्याच्यामागे हवेचा ताण तयार होतो आणि तो वळणातलं पाणीही सोबत ओढून नेतो. मशिन थांबल्यावर शेवटी ‘गुडगुड’ असा आवाज येतो ना, तो सील खेचलं जात असल्याचा. म्हणून मशिनची नळी पाइपात टेप गुंडाळून हवाबंद बसवू नये, भोवती हवेला जागा ठेवावी, आणि उभ्या पाइपाला गच्चीवर उघडं तोंड असावं. गच्चीवरचं ते तोंड पक्ष्यांनी घरटं केलं म्हणून सोसायट्या बिनदिक्कत बंद करतात, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईला कळत नाही की हल्लीच वास का यायला लागला.

तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत इथे गेल्या काही वर्षांत उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर फेसाची तक्रारही. वरच्या मजल्यांवर सकाळी चार-पाच मशिनं एकाच सुमाराला पाणी सोडतात. साबणाचं पाणी उभ्या पाइपातून आपटत खाली येतं, तळाच्या वळणावर त्याचा फेस होतो, फेसाला पुढे सरकायला जागा मिळत नाही, आणि मागून येणारी हवा त्याला सर्वांत खालच्या घराच्या ट्रॅपमधून वर ढकलते. तळमजल्याच्या न्हाणीघरात पांढरा ढीग. तिथला माणूस वरच्यांशी भांडतो, वरचे म्हणतात आमचं घर वर आहे, आम्ही काय केलं. दोष बहुतेक वेळा कुणाच्याच साबणात नसतो. तळमजल्याची जोडणी उभ्या पाइपाला न देता वेगळ्या पाइपानं सरळ बाहेरच्या चेंबरला द्यायला हवी होती, आणि वीस-तीस फूट पाइप वाचवायला तसं केलेलं नसतं.

एसीचं पाणी हा त्यातल्या त्यात नवा घोळ. लोणावळ्याच्या दमट हवेत एसी भरपूर पाणी गाळतो. त्याची बारीक नळी बाहेर लोंबकळलेली बरी दिसत नाही, म्हणून ती भिंतीतून नेऊन सरळ सांडपाण्याच्या पाइपात खुपसतात. मधे ट्रॅप नाही. एसी बंद असला की त्या नळीतून वास उलटा चढतो आणि थेट पलंगावर येतो. तीच नळी नहाणी ट्रॅपच्या कोनाड्यात सोडली असती तर वासाला वाट मिळाली नसती, आणि ठिबकणाऱ्या पाण्यानं सील आपोआप भरत राहिलं असतं.

या सगळ्या पाइप-फिटिंगचं लोणावळा-तळेगावच्या या मावळ भागाशी नातं आणखीही आहे. द्रुतगती मार्गावर उर्से टोलनाका सगळ्यांना माहीत असतो. त्याच उर्से गावात फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसी पाइपांचा कारखाना आहे. प्रल्हाद छाब्रियांनी पुण्यात केबलपासून सुरू केलेल्या फिनोलेक्सची ही पाइपांची शाखा, तिचा दुसरा मोठा कारखाना रत्नागिरीला. सांडपाण्यासाठीच्या पाइपांना दुकानात एसडब्ल्यूआर म्हणतात: मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी यांच्यासाठीचे. त्यांचं मानक आयएस १३५९२, फिटिंगचं आयएस १४७३५. पाइपातही ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार असतात. ‘ए’ पातळ भिंतीचा, पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला. ‘बी’ जाड, मैल्याला आणि सांडपाण्याला. पाइप घेताना अंगावर छापलेलं ते एक अक्षर वाचायचे कष्ट फार थोडे लोक घेतात, आणि भिंतीत गेल्यावर ते अक्षर वाचता येत नाही.

मावळातला पाऊस हा नहाणी ट्रॅपचा वेगळाच शत्रू. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. बंगल्यांना सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. जुलैत जमीनच तुडुंब झाली की शोषखड्डा पाणी शोषेनासा होतो, चेंबर काठोकाठ येतं, आणि पाणी जी सर्वांत खालची वाट मिळेल तिथून घरात उलटतं. ती वाट बहुतेक वेळा तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपची असते. वळणातलं पाणी वायू अडवू शकतं, खालून दाबानं येणारं पाणी नाही. म्हणून जाणते मिस्त्री तळमजल्याच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवतात आणि न्हाणीघराची पातळी बाहेरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा वर ठेवतात. जिथे पातळी चुकली तिथे दर जुलैत गोणपाट आणि विटा जाळीवर ठेवायची वेळ येते. चेंबरमधून उतू गेलेलं पाणी पुढे ओढ्या-नाल्यांतून इंद्रायणीला जातं. नदी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात उगम पावते आणि देहू-आळंदीपर्यंत पोचते तोवर तिच्यावर फेसाचे थर दिसायला लागतात.

पण बंद घराचा प्रश्न पावसापेक्षा अवघड, कारण तिथे काही बिघडलेलं नसतं. मार्च ते मे या दिवसांत घाटमाथ्यावरही हवा कोरडी होते, बंगले कुलपात असतात आणि वळणातलं पाणी हळूहळू आटतं. आटलेला ट्रॅप किती महागात पडू शकतो ते हाँगकाँगनं २००३ मध्ये पाहिलं. अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून जास्त जणांना झाली. चौकशीत पुढे आलेल्या कारणांत न्हाणीघरांच्या जमिनीतले कोरडे ट्रॅप ठळक होते. रहिवासी जमीन धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे जाळीत पाणी जात नसे. एक्झॉस्ट पंखा लावला की मैल्याच्या पाइपातली हवा त्या कोरड्या वळणातून आत ओढली जाई. तेव्हापासून तिथलं सरकारी खातं लोकांना जाळीत नियमित पाणी ओतायला सांगत आलं आहे. आपल्याकडेही ओलं न्हाणीघर मागे पडत चाललंय. काचेच्या पलीकडे शॉवर, अलीकडे कोरडी जमीन आणि त्या कोरड्या भागातही एक जाळी, जिच्यात महिनोन्‌महिने थेंब पडत नाही.

लोणावळ्यातले काही केअरटेकर आठवड्याला एक बादली प्रत्येक जाळीत ओततात, मालकानं सांगितलं तर. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर पाणी भरून वर दोन चमचे तेल सोडतात. तेलाचा पातळ थर पाणी उडू देत नाही. बाजारात रबरी पडद्याचे, स्प्रिंगचे, बिनपाण्याचे ट्रॅप आले आहेत, ते जुन्या जाळीतच बसवता येतात आणि झुरळंही रोखतात. बंद बंगल्यासाठी चांगला उपाय. मात्र पडद्यात एक केस अडकला तरी तो पुरता मिटत नाही, आणि तो काढून धुवायचा असतो हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

मूळ ट्रॅपच बुटका असेल तर मात्र इलाज महाग. टाइल फोडायची, कोबा उकरायचा, वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचं, आणि काम चालू असताना खालच्या घराच्या छताला ओल आली की तिथला शेजारी दार वाजवतो. दोन-तीनशे रुपयांच्या फिटिंगसाठी हजारोंचा खर्च. तो कुणी करायचा यावर सोसायटीच्या सभा रंगतात, आणि सभेला कंत्राटदाराला कुणी बोलावत नाही.