वलंदेजांच्या चुलीवरील संतस्मरण

मार्गशीर्ष उजाडला म्हणजे आपल्या घराघरांतून गुरुवारच्या महालक्ष्मीव्रताची आणि दत्तजयंतीची लगबग सुरू होते. बहुधा याच सुमारास, 5 डिसेंबरच्या सायंकाळी, नेदरलँड्स देशात संत निकोलसाचा सण साजरा होतो. या देशाला आपण हॉलंड म्हणतो आणि आपल्या जुन्या कागदपत्रांत तेथील लोकांना वलंदेज म्हटले आहे. त्यांच्या या सणाच्या पक्वान्नाची कथा श्रद्धावान गृहिणींनी अवश्य ऐकावी अशी आहे. देवालयातून गेलेला संस्कार स्वयंपाकघर कसा सांभाळते, हे तीत स्पष्ट दिसते.

निकोलस हा चौथ्या शतकातील, आशिया मायनरमधील मायरा नगरीचा बिशप. ते स्थान आज तुर्कस्तानात देमरे या नावाने ओळखले जाते. एका निर्धन पित्याच्या तीन कन्यांचे विवाह धनावाचून अडले असता निकोलसाने रात्रीच्या अंधारात त्यांच्या घरात गुपचूप सोने टाकले, अशी आख्यायिका आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातास कळू नये, असे ते गुप्तदान होते. म्हणूनच डच मुले आजही चुलीपाशी आपला बूट ठेवतात, संताच्या घोड्यासाठी त्यात गाजर घालतात आणि सकाळी त्याच बुटात खाऊ शोधतात. संताचे तेथील लाडके नाव सिंटरक्लास.

सोळाव्या शतकात त्या देशात धर्मसुधारणेची लाट आली. 1566 साली अनेक चर्चमधील संतमूर्ती फोडल्या गेल्या. संतपूजा त्याज्य ठरली, आणि पुढच्या शतकात तर काही नगरांच्या अधिकाऱ्यांनी या सणानिमित्त संताच्या आकृतीचा खाऊ विकण्यासही मनाई केली. व्यासपीठावरून निषेध झाला, बाजारावर निर्बंध आला. परंतु घरातील भट्टी कोणी विझवू शकले नाही. मूर्ती वेदीवरून उतरली ती लाकडी साच्यात जाऊन बसली. आपल्याकडे पेढ्याला छाप असतो, मोदकाला साचा असतो. तशीच तेथे कोरीव लाकडी फळी असते. बिशपाची टोपी आणि दंड धारण केलेला निकोलस तीत उलटा कोरलेला असतो. तीत पीठ दाबून जे खुसखुशीत बिस्किट भाजतात, त्याचे नाव स्पेकुलास.

त्याची कृती साधी आहे. 250 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम तपकिरी ओलसर साखर, 150 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, दोन-तीन चमचे दूध आणि एक मोठा चमचा मसाला. मसाल्यात दालचिनी सर्वांत अधिक. तिच्यामागे लवंग व जायफळ. आणि सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी अगदी बेताची. पीठ मळून रात्रभर थंड जागी ठेवावयाचे, म्हणजे मसाला अंगी मुरतो. दुसऱ्या दिवशी साच्यावर तांदळाची पिठी भुरभुरावी, पीठ घट्ट दाबावे, वरचे जादा पीठ सुरीने काढून साचा उलटा ठोकावा आणि सुमारे 170 अंशांच्या भट्टीत वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. आपल्याकडे गोड्या मसाल्याचे प्रमाण जसे घरागणिक बदलते, तसेच तेथे या मसाल्याचे.

संस्कृताच्या अभ्यासकाला या स्वयंपाकघरात ओळखीचे शब्द भेटतात. डच भाषेतील मिरीवाचक 'पेपर' हा शब्द आपल्या पिप्पलीपासून, साखरेचा 'साउकर' शर्करेपासून आणि आल्याचा 'खेम्बर' शृंगवेरापासून निघालेला आहे. ग्रीक, फारसी, अरबी, लॅटिन अशा मुखांतून फिरत ते शब्द तेथवर पोहोचले. मालही आपल्याच समुद्रातून गेला. मिरी मलबारची, दालचिनी सिंहलद्वीपाची. सतराव्या शतकात वलंदेजांची वखार आपल्या वेंगुर्ल्यासही होती. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. मात्र या सुगंधाला एक काळी बाजूही आहे. जायफळाच्या एकाधिकारासाठी वलंदेजांच्या कंपनीने 1621 साली बांदा बेटांवरील बहुतेक रहिवाशांचा संहार केला वा त्यांना देशोधडीस लावले. गोड घास तोंडी घालताना हे ऋणही स्मरावे.

काही वर्षांपूर्वी कीर्तनसेवेच्या निमित्ताने त्या देशी जाण्याचा योग आला होता. यजमानांच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत असत. मी अंडे वर्ज्य मानतो हे यजमानांच्या सूनबाईंकडून कळताच त्यांनी आपल्या आजीची वही आणून दाखविली. त्या कृतीत अंडे नव्हतेच. वहीत लोण्याचे माप होते, परंतु दुधापुढे केवळ 'पीठ मागेल तेवढे' असे लिहिले होते. मग त्यांनी आपल्या बालपणीची गोष्ट सांगितली. 1944-45 चा हिवाळा हा तेथील दुष्काळाचा हिवाळा. जर्मन सैन्याच्या ताब्यातील पश्चिम भागात अन्न संपले होते. लोक ट्युलिपचे कंद आणि साखरेचे बीट खाऊन दिवस काढीत. घरी मैदा नाही, लोणी नाही, मसाला नाही. तरीही आईने 5 डिसेंबरला फळी काढली, उकडलेल्या बिटाचा चोथा तीत दाबला आणि तव्यावर परतून मुलांपुढे ठेवला. बाई म्हणाल्या, "चव कडसर होती, आकृती नीट उमटली नव्हती, परंतु संत आमच्या घरी आला होता."

त्या माउलीला कोणत्याही शास्त्राने हे सांगितले नव्हते. द्रव्य मिळेनासे झाले तरी विधीचा आकार मोडू द्यावयाचा नाही, एवढे तिला ठाऊक होते. आकार राहिला म्हणून सुकाळ येताच पदार्थही परत आला. यथाशक्ती, यथामिलित उपचारांनी पूजा करावी, असे आपला संकल्प सांगतो, त्याचे मर्म याहून वेगळे नाही.

आज तेथील दुकानांत हा खाऊ उन्हाळा सरता सरताच मांडला जातो. आपल्याकडेही चकली-करंजीची पाकिटे बारमाही मिळतात. त्यात पाप नाही. मात्र विकतच्या पाकिटाबरोबर 'पीठ मागेल तेवढे' हे ज्ञान येत नाही. ते हाताला हात लावूनच शिकावे लागते. आपल्या घरी पुरणाचा, अनारशांचा, सांज्याच्या पोळीचा हात ज्यांचा आहे, त्या आजी, सासूबाई, आत्याबाई यांच्याजवळ या मार्गशीर्षात लेकीसुनांनी आणि मुलांनीही उभे राहावे. प्रमाण लिहून घ्यावे, आणि जे लिहिता येत नाही ते पाहून घ्यावे. त्यांचा हात थांबण्यापूर्वी तो आपल्या हाती आला पाहिजे. कुळाचार तेव्हाच पुढील पिढीस पोहोचतो.