न दुखणारी गाठ

“दुखत नव्हती हो, म्हणून दाखवली नाही.” सरकारी रुग्णालयातल्या माझ्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. ओझरकडच्या एका शेतमजूर मावशींनी अलीकडेच ते पुन्हा ऐकवलं. टोमॅटोची तोडणी चालू होती, रोज कशाला बुडवायचा, म्हणून स्तनातली लिंबाएवढी गाठ त्यांनी आठ महिने अंगावर काढली. आल्या त्या काखेतही गाठ लागल्यावर.

सुरुवातीचा स्तनाचा कर्करोग बहुधा दुखत नाही, घोटाळा होतो तो इथेच. पाळीआधी दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात. ते बहुतेक वेळा संप्रेरकांमुळे. बाईला त्याचीच धास्ती वाटते आणि न दुखणारी, कडक, पाळी होऊन गेली तरी तशीच राहणारी गाठ ती विसरून जाते. बहुतेक गाठी साध्याच निघतात, हे खरं. पण ते ठरवायचं तपासणीनंतर.

गाठ नसतानाही काही खुणा दिसतात. त्वचेला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी जाड दिसणे, बोंड नव्याने आत ओढलं जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव येणे. बोंडावरचा चट्टा मलम लावूनही बरा होत नसेल, तर तो इसब समजून बसू नका.

पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, तीन बोटांच्या सपाट भागाने स्तन आणि काख चाचपून पाहा. पाळी गेलेल्यांनी महिन्याचा एक दिवस ठरवावा. ओझरच्या बायकांना मी संकष्टी सुचवतो. ती कुणी चुकवत नाही!

यंत्राशिवाय काय होणार, असं वाटेल. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष आले: या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणून तरुणींनी खूण दिसताच यावं, तपासणीच्या फेरीची वाट पाहू नये.

तिशीपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. संशय आल्यास सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईने तुकडा काढून तपासणी. सुई लावली की रोग पसरतो, हा गैरसमज आहे. उलट तपासणीआधीच गाठ कापून टाकली, तर पुढचे उपचार अवघड होतात.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. येताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड तेवढं बरोबर आणा.