बाटलींतील त्रसरेणु

खिडकींतून आलेल्या किरणांत दिसणाऱ्या त्रसरेणूहून सूक्ष्म असें कांहीं नेत्रगोचर नाहीं, असें आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत असूं. पाण्यांत मिसळलेले प्लॅस्टिकचे बहुतेक कण त्याहूनहि सूक्ष्म. ते ओळखावे कसे? कणावर लेसरचा किरण टाकतात. विखुरलेल्या प्रकाशाच्या किंचित् पालटलेल्या रंगावरून द्रव्याची जात कळते. हा परिणाम रामन् ह्यांनीं १९२८ सालीं कलकत्त्यास शोधिला. त्याच तत्त्वाच्या सुधारलेल्या पद्धतीनें अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांस तेथील बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरांत सरासरी सुमारें २,४०,००० कण आढळले, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत नायलॉनच्या जातीचेहि कण होते. ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणींतूनच उतरले असावेत! शरीरास त्यांचा अपाय किती, हें अद्याप निश्चित नाहीं. तथापि ‘बाटलींतलें तें शुद्ध’ ही समजूत वाचकांनीं आतां सोडावी.