शिखर म्हणजे अर्धी वाट

डोंगर चढायला काय लागते? ‘पायांत बळ,’ असे तुम्ही म्हणाल. ते खरेच आहे. पण उंच पर्वतावर तेवढ्याने भागत नाही. तेथे घड्याळाकडे लक्ष हवे, आभाळाकडे नजर हवी आणि वेळ आली तर माघारी फिरण्याची हिंमतही हवी. हे आपण एका शिखराच्या उदाहरणाने समजून घेऊ.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या रांगेत लाँग्ज पीक नावाचे शिखर आहे. त्याची उंची सुमारे ४,३४६ मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लाँग्ज पीकची पायवाट जेथे सुरू होते, ती जागाच याहून कितीतरी उंच, म्हणजे सुमारे २,८६५ मीटरवर आहे! तेथून शिखरावर जाऊन परत यायचे म्हणजे सुमारे २४ किलोमीटर चालायचे. धडधाकट माणसालाही यासाठी दहा ते पंधरा तास लागतात.

म्हणून लोक मध्यरात्रीनंतर, दोन-तीन वाजताच, विजेरी घेऊन निघतात. एवढी घाई कशासाठी? उन्हाळ्यात तेथे सकाळी आभाळ स्वच्छ असते. ऊन तापले की गरम हवा वर चढते. तिच्यातील वाफ थंड होऊन ढग बनतात आणि दुपारी विजा कडाडू लागतात. उघड्या कड्यावर उभा असलेला माणूस तेव्हा विजेच्या तडाख्यात सापडू शकतो. म्हणून दुपार होण्याआधीच शिखर सोडून खाली निघावे लागते.

सुरुवातीची वाट जंगलातून जाते. सुमारे ३,४०० मीटरनंतर थंडी आणि वारा यांमुळे झाडे वाढत नाहीत. या मर्यादेला वृक्षरेषा म्हणतात. तिच्यापुढे फक्त गवत, शेवाळ आणि इवलीशी फुले दिसतात. ही रोपे पायाखाली तुडवली गेली, तर पुन्हा उगवायला अनेक वर्षे लागतात. म्हणून पायवाट सोडायची नसते.

जसजसे वर जावे, तसतशी हवा विरळ होते. शिखरावर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या मानाने सुमारे साठ टक्केच असतो. त्यामुळे दम लागतो, डोके दुखते, मळमळते. त्रास वाढू लागला, तर खाली उतरणे हाच खरा इलाज होय.

पुढे मोठमोठ्या दगडांचे मैदान लागते. त्यानंतर कुलपाच्या भोकासारखी दिसणारी एक खिंड येते. येथून खरी परीक्षा सुरू होते. अरुंद कडे, खडी घळ, हातापायांनी चढायचे खडक! वाट चुकू नये म्हणून खडकांवर लाल-पिवळी वर्तुळे रंगवली आहेत. बर्फ नसेल तर दोराची गरज सहसा पडत नाही. मात्र पाय घसरला, तर जीव जाऊ शकतो.

या शिखरावरील पहिली नोंदलेली चढाई १८६८ साली झाली. त्या तुकडीचे प्रमुख जॉन वेस्ली पॉवेल यांनी लढाईत उजवा हात गमावला होता. तरीही ते शिखरावर पोहोचले. पुढे जानेवारी १९२५ मध्ये ॲग्नेस व्हेल या गिर्यारोहक स्त्रीने कडाक्याच्या थंडीत या शिखराचा अवघड पूर्वेकडील कडा सर केला. पण उतरताना त्या थकल्या, घसरल्या आणि थंडीने त्यांचा मृत्यू झाला. खिंडीजवळची दगडी झोपडी त्यांच्या स्मरणार्थ बांधलेली आहे. माथा गाठला की प्रवास संपत नाही, हे ती झोपडी पाहून ध्यानात येते.

मित्रांनो, उद्या तुम्ही जवळचा एखादा गड चढायला निघालात, तरी हे नियम लक्षात ठेवा. कोठे जाणार ते घरी सांगा. पाणी आणि गरम कपडे सोबत घ्या. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा आणि ती वेळ झाली, की माथा समोर दिसत असला तरी मागे फिरा. शिखर पुढच्या वेळीही तेथेच असेल.