मागच्या डिफरेन्शिअलचे तेल

पिंपरीत घडलेली टाटांची जुनी सुमो (१९९४) असो वा चाकणची महिंद्रा स्कॉर्पिओ-एन, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या अशा गाड्यांत वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जलद फिरू देणारी दंतचक्रांची जोडणी, म्हणजे डिफरेन्शिअल, मागच्या हौजिंगमध्ये तेलात बुडालेली असते. हे तेल घरी बदलताना गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे हा शुद्ध वेडेपणा होय. आधी वरचा, तेल भरण्याचा प्लग सैल करून पाहावा, कारण तो गंजून बसला असेल आणि खालून तेल काढून झाले असेल, तर गाडी जागेवरच अडकते. खालच्या प्लगला चुंबक असल्यास त्यावरचा लोण्यासारखा करडा लेप ही नेहमीची झीज असते. बोटाला टोचणारा लोखंडी कपचा मात्र क्राऊन-पिनियन या दंतचक्रांच्या जोडीचा दात तुटल्याची खूण असू शकते. नवे तेल बहुधा जीएल-५ दर्जाचे, म्हणजे दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-स्फुरदयुक्त द्रव्ये मिसळलेले (उग्र वास त्याचाच) लागते, तरी अखेरचा शब्द गाडीच्या माहितीपुस्तिकेचा. ते भरणछिद्राच्या खालच्या कडेवरून ओघळू लागले की थांबावे. काढलेले तेल घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा कचऱ्यात मोडते, म्हणून ते पवना नदीकडे जाणाऱ्या नाल्यात न ओतता डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.