आणा, नवा पैसा आणि संगणकातील संख्या

1 एप्रिल 1957 रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्या हिशेबाने एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. परंतु पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहाच पैसे धरीत. साहजिकच सोळा आणे एकेक करून बदलणाऱ्याच्या पदरी रुपयाऐवजी शहाण्णव पैसेच पडत. नाव बदलताना मोल असे नकळत घटते.

संगणकाच्या हिशेबातही हीच सावधगिरी हवी. पायथन या संगणकभाषेत मोठ्या आकडेमोडीसाठी ‘नमपाय’ नावाचा तयार आज्ञांचा संग्रह वापरतात. त्यात संख्येचा प्रकार आधी सांगता येतो. पूर्णांकासाठी ‘एनपी.इंट’ व दशांश-अपूर्णांकासाठी ‘एनपी.फ्लोट’ असे लिहिण्याची रीत होती. वस्तुतः ही नावे नमपायची स्वतःची नव्हेतच. पायथनच्या ‘इंट’ व ‘फ्लोट’ यांचीच ती टोपणनावे होत. त्यामुळे वाचणाऱ्याचा घोटाळा होई. म्हणून जानेवारी 2021 मधील 1.20 या आवृत्तीपासून ती वापरताच ताकीद मिळू लागली, आणि डिसेंबर 2022 मधील 1.24 या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. ती नावे असलेली जुनी आज्ञावली आता तेथेच अडते.

दुरुस्ती सोपी आहे. ‘एनपी.’ गाळून नुसते ‘इंट’ ठेवावे. अर्थ पूर्ववत राहतो. परंतु कोणी घाईने ‘एनपी.इंट32’ लिहिले, तर धोका संभवतो. त्या प्रकारात 2,14,74,83,647 हून मोठी संख्या मावत नाही. समजा, बालाघाट जिल्ह्यातील एका केंद्रावर धानाची 50,000 पोती आली व प्रत्येकाचे वजन 50,000 ग्रॅम भरले. एकूण वजन 250 कोटी ग्रॅम. या दोन संख्या ‘इंट32’ प्रकारच्या स्तंभांत मांडून गुणल्यास उत्तर येते उणे 1,79,49,67,296. आणि संगणक चकार शब्द काढीत नाही! ‘एनपी.इंट64’ मध्ये तोच गुणाकार बिनचूक येतो. विंडोज संगणकांवर तर 2024 मधील 2.0 आवृत्तीपूर्वी नमपायमध्ये नुसते ‘इंट’ लिहिले तरी ते 32 चेच धरले जाई. म्हणून मोठ्या संख्यांसाठी 64 स्पष्ट लिहिणेच इष्ट.

अडलेली आज्ञावली निदान चूक दाखविते. चुकीचे उत्तर देणारी आज्ञावली मात्र फसविते. यास्तव प्रत्येक बदलानंतर, ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक आहे असे एक मोठे उदाहरण घालून ताळा अवश्य पाहावा.