हाडांवर तारीख लिहिलेली नसते

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरे उघडली, की जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हापुन्हा दिसतो. साताऱ्यातला माण तालुकाही त्याला अपवाद नाही. आईबापांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी अंदाजाने साल धरत आणि १ जून लिहून मोकळे होत. शाळेपुरते ते चालून गेले. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या खटल्यात मात्र त्याच रकान्यावर सगळे अडते. घटनेच्या दिवशी मुलगी अठराच्या आत होती, हे सिद्ध झाले तर तिच्या संमतीचा मुद्दाच उरत नाही. ते सिद्ध झाले नाही, तर पोक्सो लागू होत नाही.

वय कसे ठरवायचे याचा क्रम बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ९४मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. शाळा सोडल्याचा दाखला या यादीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये पी. युवाप्रकाश खटल्यात सांगितले आणि पोक्सोखालची शिक्षा रद्द केली.

यादीतला कुठलाच कागद नसला, की मग मुलीला एक्स-रेसाठी नेतात. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो, हाड लांबीने वाढते ते तिथेच. वयात येताना इस्ट्रोजेन वाढते, तसा हा थर हळूहळू हाडात बदलतो आणि टोक मूळ हाडाला कायमचे जुळते. एक्स-रेवर आधी काळी फट दिसते, पुढे तिची पुसट रेघ उरते, नंतर तीही जाते. मुलींचे कोपर साधारण तेराचौदाव्या वर्षी जुळते, मनगट सोळा ते अठराच्या सुमारास, कमरेच्या हाडाची वरची कड त्याच्याही पुढे आणि गळ्याच्या हाडाचे छातीकडचे टोक थेट विशीत. अक्कलदाढ सतराव्या वर्षी येते, तशी पंचविशीतही येते. म्हणजे न्यायालयाला नेमकी जी रेघ हवी, तिथेच शरीर मोघम बोलते. त्यातही हाडांच्या वयासाठी जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिच आणि पाइल यांचा अ‍ॅटलास अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांवरून बनला. दुष्काळी गावात अर्धपोटी वाढलेल्या मुलीची हाडे उशिराही जुळू शकतात.

या तपासणीत दोन वर्षांचा फरक इकडेतिकडे पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच जयमाला प्रकरणात नोंदवले. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि फौजदारी न्यायात तो मिळायलाच हवा. पण त्याचा हिशेब पाहा. अहवालात ‘१६ ते १८’ आले, तर वरचे १८ धरून त्यात दोन मिळवायचे. पोक्सो खटल्यांत असेच करावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४मध्ये सांगितले. खरोखर सोळा वर्षांची असलेली मुलगीही अशाने कागदावर वीस वर्षांची होऊ शकते.

आपल्याकडे हे आधीही घडले आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अनाथ, मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ सांगितले. संमतीच्या वयाची मर्यादा तेव्हा सोळा होती. ती सोळाच्या आत असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे सत्र न्यायालयाने म्हटले. उच्च न्यायालयाने आरोपींना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये रद्द केली. त्या निकालावर देशभर संताप उसळला आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. जन्माची नोंद नसलेल्या मुलीने वय कसे सिद्ध करायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

माणमधून मेंढरांमागे आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा तो आजचा प्रश्न आहे. बाळ तळावर किंवा कारखान्याजवळच्या खोपीत जन्मते. नोंद जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे, २१ दिवसांत करायची असते; वर्ष उलटले, की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून तपास अधिकाऱ्याने एक्स-रेचे पत्र लिहिण्याआधी मुलीचे नाव पहिल्यांदा घातले त्या शाळेत जावे आणि तारीख कोणी, कशावरून सांगितली ते विचारावे. अंगणवाडीचे आणि आरोग्यसेविकेचे लसीकरणाचे रजिस्टरही पाहावे. ही रजिस्टरे कलम ९४च्या यादीत नाहीत, पण बाळ कुठे जन्मले आणि जन्मदाखला कुठल्या गावात शोधायचा, हे त्यांतून कळू शकते.